थैली कोणाची?

भाद्रपदातील दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस. उत्तम आर्जव धर्मावरील प्रवचन ऐकून मंडळी मंदिरातून घरी परतली होती. सूर्यास्तापूर्वीच जेवणे उरकलेली असल्याने स्वयंपाकघर शांत होते. कृष्णाकाठच्या त्या गावात पावसाची भुरभुर चालू होती आणि सोप्यावर दिव्याखाली आठवीतली नात गणिताची वही उघडून बसली होती. तिच्या शेजारी तक्क्याला टेकून अण्णा बसले होते. तीस-बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या अण्णांना आता वर्ग उरला होता तो हा एका विद्यार्थिनीचा.

उदाहरण असे होते : एका गृहस्थाने आपल्याजवळच्या रकमेचा १/३ भाग मुलीला दिला, उरलेल्या रकमेचा १/४ भाग धर्मादाय दिला आणि बाकी राहिलेले ६०,००० रुपये पत्नीच्या नावे ठेवले, तर मूळ रक्कम किती? नातीने मूळ रक्कम क्ष मानली. तीतून क्ष/३ आणि क्ष/४ वजा केले, ५क्ष/१२ बरोबर ६०,००० असे समीकरण मांडले आणि उत्तर काढले १,४४,०००. गुणाकार-भागाकार अचूक, समीकरण सोडवण्याची रीत अचूक. उत्तर मात्र चूक.

अण्णांनी चूक दाखवली नाही. “ताळा करून बघ,” एवढेच ते म्हणाले. मुलीने १,४४,००० चा तिसरा हिस्सा ४८,००० काढला. उरले ९६,०००. त्याचा चौथा हिस्सा २४,०००. बाकी ७२,०००. पुस्तकात तर ६०,००० म्हटलेले. ती थबकली, पुन्हा वाचू लागली आणि ‘उरलेल्या’ या शब्दापाशी येऊन थांबली. चौथा हिस्सा मूळ रकमेचा नव्हता, उरलेल्या २/३ चा होता; म्हणजे मूळ रकमेचा १/६. तेव्हा १/३ आणि १/६ मिळून अर्धी रक्कम गेली, अर्धी उरली आणि ती ६०,०००. मूळ रक्कम १,२०,०००.

“एका शब्दानं चोवीस हजारांचा फरक पडला, आजोबा!” ती म्हणाली.

अण्णांना याच क्षणाची वाट होती. ते उठले आणि कपाटातून एक जाड ग्रंथ घेऊन आले. महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह. इसवी सनाच्या ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, आपल्या परंपरेतील या आचार्यांनी अकराशेहून अधिक श्लोकांत संपूर्ण अंकगणित रचले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. १९१२ साली मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढे १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो काढला. अण्णांच्या हातातली प्रत ही सोलापूरची होती. पुठ्ठा सैल झालेला, पण आतली पाने जपलेली.

नातीने केलेली चूक अकराशे वर्षांपूर्वीचे विद्यार्थीही करीत असावेत. कारण महावीराचार्यांनी अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांचे वर्गच पाडले आहेत. ज्यात सारे भाग मूळ राशीचे घ्यायचे ती भागजाती. ज्यात प्रत्येक भाग उरलेल्या राशीचा घ्यायचा ती शेषजाती. समीकरणाला हात घालण्यापूर्वी उदाहरणाची जात ओळखायची, ही त्यामागची शिस्त. समच्छेद करताना छेदांचा लघुतम साधारण विभाज्य घ्यावा हेही त्यांनी सांगितले आणि त्यास ‘निरुद्ध’ असे नाव दिले.

अण्णांचा सर्वांत आवडता नियम मात्र वेगळा होता. एक ही संख्या, जिचा अंश एकच आहे अशा अपूर्णांकांच्या बेरजेत कशी मांडावी याची ती रीत. छेद एकापासून तिपटीने वाढवत न्यायचे : १, ३, ९. पहिल्याला दोनने गुणायचे आणि शेवटच्याला २/३ ने. मग छेद मिळतात २, ३ आणि ६; आणि १/२, १/३ व १/६ यांची बेरीज बरोबर १ येते. चार भाग हवे असतील तर १, ३, ९, २७ घ्यावेत. त्यांचे होतात २, ३, ९ आणि १८. सतरा उंटांचे प्रसिद्ध कोडे शिकवताना अण्णा वर्गात हाच नियम काढीत. अर्धे उंट एकाला, तिसरा हिस्सा दुसऱ्याला, नववा तिसऱ्याला. शहाणा माणूस आपला एक उंट मिसळून अठरा करतो, नऊ, सहा आणि दोन उंट वाटतो आणि आपला उंट परत घेऊन जातो. मुले टाळ्या वाजवीत. अण्णा फळ्यावर तिन्ही भागांची बेरीज करायला लावीत : ती १७/१८ भरते. मृत्युपत्र लिहिणाऱ्याने पूर्ण मालमत्ता वाटलीच नव्हती. १/१८ भाग कोणाच्याच नावे नव्हता. महावीराचार्यांच्या रीतीत चौथा भाग येतो तो नेमका हाच.

“म्हणून वाटणी केली की आधी बेरीज बघायची. एक भरली पाहिजे,” अण्णा म्हणाले. मग थोडे खाली वाकून, काहीशा अभिमानाने, त्यांनी नातीला घरातलीच एक वाटणी सांगितली. तीन वर्षांपूर्वी रस्त्यासाठी शेतजमीन संपादित झाली तिची ३६ लाख रुपये भरपाई आली. अण्णा आणि त्यांचे धाकटे बंधू यांनी ती निम्मी निम्मी घेतली. अण्णांच्या वाट्याच्या १८ लाखांचा अर्धा भाग, ९ लाख, मुलाला. १/३ भाग, ६ लाख, नातीच्या शिक्षणाला. आणि १/६ भाग, ३ लाख, मंदिराच्या पाठशाळेच्या खोलीला. खोलीवर आई-वडिलांच्या नावांची संगमरवरी पाटी बसणार होती. पाच दिवसांनी, उत्तम त्याग धर्माच्या दिवशी, हे दान सभेत जाहीर व्हायचे होते. १/२, १/३, १/६ : महावीराचार्यांच्याच नियमाने.

नातीने बोटांवर बेरीज केली आणि मान डोलावली. एक भरत होती.

झोपण्यापूर्वी एक गंमत म्हणून अण्णांनी गणितसारसंग्रहातील थैलीचे उदाहरण घातले. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली पडलेली दिसते. पहिला म्हणतो, ही मला मिळाली तर तुम्हा दोघांजवळ मिळून जेवढे आहे त्याच्या दुप्पट धन माझ्याजवळ होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तिप्पट होईल. तिसरा म्हणतो, मला मिळाली तर पाचपट. थैलीत किती, आणि प्रत्येकाजवळ किती?

चार अज्ञात राशी पाहून मुलगी गोंधळली. अण्णांनी वाट दाखवली. थैली आणि तिघांचे धन मिळून एकूण रक्कम क्ष मानू. थैली पहिल्याकडे गेली की त्याच्याकडे दोन भाग होतात आणि इतर दोघांकडे मिळून एक. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्याचे मिळून क्ष/३. त्याच न्यायाने पहिल्या-तिसऱ्याचे मिळून क्ष/४ आणि पहिल्या-दुसऱ्याचे मिळून क्ष/६. या तिन्हींची बेरीज ३क्ष/४. तीत प्रत्येक व्यापारी दोनदा मोजला गेला आहे, तेव्हा तिघांचे मिळून ३क्ष/८ आणि थैलीत ५क्ष/८. तिघांच्या एकूण धनातून दोघांचे वजा केले की तिसऱ्याचे मिळते. क्ष जर २४ धरला तर थैलीत १५ आणि व्यापाऱ्यांजवळ अनुक्रमे १, ३ व ५. ताळाही जुळतो : १ आणि १५ मिळून १६, आणि उरलेल्या दोघांचे ८.

नात बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, “पण आजोबा, थैली कोणाची होती?”

“म्हणजे?”

“वाटेत पडली होती ना? मग ती कोणाची तरी असणार. तिघंही मला मिळाली तर, मला मिळाली तर असंच म्हणतायत. ज्याची हरवली त्याचं कोणीच बोलत नाही.”

अण्णा हसले. हा गणिताचा प्रश्न नाही, असे म्हणणार होते. पण म्हणाले नाहीत. अचौर्य अणुव्रताचा अर्थ पाठशाळेत त्यांनीच मुलांना समजावला होता. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताच्या कक्षेत केवळ हिसकावलेले धन येत नाही. कोणाची वाटेत पडलेली किंवा विसरून राहिलेली वस्तूही येते. ज्याची आहे त्याने दिलेली नाही, एवढे पुरते. मूल झोपायला गेले, दिवा मालवला गेला, पण अण्णांना झोप आली नाही.

त्यांच्यासमोर थैली नव्हती, सहा एकर जमीन होती. आणि आक्का होती.

वडील १९७९ साली गेले, आई १९९१ साली. मागे दोन मुलगे आणि त्यांच्याहून मोठी, नदीपलीकडच्या गावी दिलेली आक्का. आईचे दिवसकार्य झाल्यावर दोघा भावांनी तीन-तीन एकर जमीन नावावर करून घेतली. त्यासाठी आक्काने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. त्या दिवशी तिला साडीचोळी झाली, पुरणपोळीचे जेवण झाले. कोणी तिला दटावले नव्हते. कोणी तिला विचारलेही नव्हते. गावात साऱ्याच बहिणी सही करीत आणि भाऊ त्याला माहेरपण टिकवणे म्हणत.

अण्णांना सर्वांत बोचली ती वेगळीच गोष्ट. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्याखालील वाटणी म्हणजे अपूर्णांकांचे उत्तम उदाहरण, हे त्यांना ठाऊक होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गुरुपद विरुद्ध हिराबाई या खटल्यात दिलेला निर्णय ते वर्गात फळ्यावर घालीत. पती मरण पावला. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. न्यायालयाने म्हटले, मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असे समजा. पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४. आता पतीचा १/४ भाग सहा वारसांत वाटा, प्रत्येकाला १/२४. म्हणून पत्नीला १/४ अधिक १/२४, एकूण ७/२४. मुलग्यांनाही ७/२४ आणि मुलींना मात्र १/२४. मुले समच्छेद करून उत्तर आणीत, अण्णा शाबासकी देत. इतक्या वर्षांत स्वतःच्या घराचे उदाहरण त्यांनी एकदाही मांडले नव्हते.

त्या रात्री त्यांनी ते मांडले. वडील, आई, दोन मुलगे : प्रत्येकी १/४. वडिलांच्या १/४ भागाचे वारस चार : आई, दोघे भाऊ, आक्का. प्रत्येकी १/१६. म्हणून आईचे झाले १/४ अधिक १/१६, म्हणजे ५/१६. आई गेल्यावर तिच्या भागाचे वारस तिन्ही मुले; प्रत्येकी ५/४८. आक्काचे एकूण १/१६ अधिक ५/४८. समच्छेद केला : ३/४८ आणि ५/४८ मिळून ८/४८. संक्षेप दिला : १/६. भावांचे प्रत्येकी ५/१२. बेरीज पाहिली : ५/१२, ५/१२ आणि २/१२. एक भरली.

भावांनी केलेल्या वाटणीची बेरीजही एकच भरत होती. १/२ आणि १/२. आजवर अण्णांना ती बेरीज पुरेशी वाटत आली होती. बेरीज एक भरली, की लिहिलेल्या भागांत काही राहून गेले नाही एवढे कळते. ज्याचा भाग लिहिलाच नाही, त्याच्याविषयी बेरीज काही सांगत नाही. वाटेकरी किती, हे समीकरण ठरवीत नाही; ते माणसाने आधी ठरवलेले असते आणि समीकरण त्यावर निमूटपणे चालते.

पुढे २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मापासून मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. अण्णांच्या घरातील वाटणी त्यापूर्वीच नोंदली गेलेली. तिला तो कायदा उघडत नव्हता. पण आक्काचा १/६ भाग नव्या कायद्याचा नव्हताच. तो जुन्या कायद्याचा, त्या दिवशीचा होता. ३६ लाखांचा १/६ म्हणजे ६ लाख. त्यातले ३ लाख धाकट्याकडे होते आणि ३ लाख अण्णांकडे. अण्णांच्या १८ लाखांचा नेमका सहावा भाग. पाठशाळेच्या खोलीला द्यायचा होता, तोच.

सकाळी त्यांनी धाकट्या बंधूंना फोन केला. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अण्णा, सही झालेली आहे. कायद्यानं आपण काही देणं लागत नाही. आणि माझ्याकडचे ट्रॅक्टरच्या कर्जात गेले, तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे, बाळ. तुझं मी मागत नाही. माझं सांगतो आहे.”

मुलाला सांगितले तेव्हा त्याने फक्त एवढे विचारले, “मग पाठशाळेचं काय? पंचांना शब्द दिलाय तुम्ही.” अण्णा म्हणाले, “दान आपल्या पैशाचं करायचं असतं. हे देणं आहे. देणं ठेवून दान करता येत नाही.” पंचांकडे ते स्वतः गेले आणि यंदा खोलीचे जमणार नाही असे सांगून आले. कारण विचारले गेले, त्यांनी दिले नाही. शब्द फिरवणारा म्हणून गावात दोन दिवस बोलणे झाले. तेही त्यांनी ऐकले.

उत्तम त्याग धर्माच्या दिवशी सभेत अण्णांची जागा रिकामी होती. ते नदीपलीकडे आक्काच्या घरी, तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले होते. हातात ३ लाखांचा धनादेश आणि वहीचे एक पान. आक्का ऐंशीच्या पुढची, पर्वातली एकाशने करणारी, नजर अधू झालेली. धनादेश तिने बाजूला ठेवला आणि पान डोळ्यांजवळ नेले.

“हे काय लिहिलंयस?”

अण्णांनी एकेक पायरी वाचून दाखवली. चौथा भाग, सोळावा भाग, अठ्ठेचाळिसावा भाग. आक्का चौथीपर्यंत शिकलेली. पण दूध, कडबा, हळद यांचा हिशेब आयुष्यभर तोंडी केलेली. ती मध्येच थांबवून विचारीत होती, “आईचे पाच कसे झाले?” आणि समजल्यावर मान हलवीत होती. शेवटी १/६ आला तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे सहा एकरांत एक एकर.”

“होय, आक्का.”

“विहिरीकडचा असता, नाही तर ओढ्याकडचा,” ती स्वतःशीच म्हणाली. तेहतीस वर्षे तिने कधी एक शब्द काढला नव्हता. पण कोणता एकर, हे तिच्या मनात होते. अण्णांना मान वर करवली नाही.

“घेते मी हे,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “नको म्हटलं असतं तर मला मोठेपणा मिळाला असता आणि तुला सुटका. दोन्ही नकोत. माझं आहे म्हणून घेते.” तिने पान घडी करून धनादेशाबरोबर उशीखाली ठेवले. “हे पण राहू दे माझ्याकडं. यात माझं नाव आहे.”

निघताना तिने विचारले, “बाळ काय म्हणतो?”

“ट्रॅक्टरचं कर्ज आहे त्याला.”

“असू दे. त्याला सांग, क्षमावणीला ये. पैसे नसले तरी ये.”

संध्याकाळी नात नेहमीप्रमाणे सोप्यावर वही घेऊन बसली. नवे उदाहरण होते : एका बाईने आपल्या रकमेचा काही भाग भावाला, काही भाग बहिणीला दिला. तिने लगेच ‘मूळ रक्कम क्ष मानू’ असे लिहायला घेतले. अण्णांनी तिचा हात थांबवला.

“आधी उदाहरणात कोण कोण आहे त्यांची नावं लिही. सगळ्यांची. मग क्ष.”

तिने समासात एकाखाली एक नावे लिहिली, पुन्हा उदाहरण वाचले आणि एक राहिलेले नाव खाली जोडले. आत, अण्णांच्या जुन्या वहीत त्या रात्रीचे उदाहरण अजून पुरे झालेले नव्हते. आक्काच्या भागासमोर त्यांनी ‘दिले ३ लाख’ असे लिहिले होते आणि त्याखाली ‘बाकी ३ लाख’. ती बाकी त्यांची नव्हती. पण ती खोडण्याचा अधिकारही त्यांचा नव्हता. क्षमावणीला अजून तीन-चार दिवस होते.